कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग आणि दोन रात्री तंबूत (२६ जानेवारीचा जोडून वीकएंड)

वाटाड्या_ठाणे

यंदा २६ जानेवारी सोमवारी आलाय, म्हणजे शनिवार धरून तीन दिवस हातात. नऊ जण आहोत, पाच ठाण्याचे, चार पुण्याचे. शनिवारी दुपारपर्यंत कोलाडजवळ जमायचं, रविवारी सकाळी राफ्टिंग, त्या रात्री पोपटी (वालाच्या शेंगा वगैरे मडक्यात भरून आगीत शिजवतात ती), सोमवारी परत. राफ्टिंगचं बुकिंग झालंय, पण मुक्काम त्यांच्या कॅम्पवर नाही. नदीजवळ एका शेतकऱ्याची जागा मिळते आहे. तंबू आपलेच: चौघांचे दोन, दोघांचा एक.

अडचणी अशा. दोघांना पोहता येत नाही. एकाच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन सात महिने झालेत. एक मुलगा ११ वर्षांचा. तिघं पक्के शाकाहारी.

जानेवारीत नदीला पाणी असतं का, की नुसते दगड? तंबू वाळूत लावावेत की वर? कपडे काय घ्यावेत? पोपटी स्वतः लावायची तर नऊ जणांना काय किती लागेल? रस्ता कुठला धरावा? क्रमाने नाही सांगितलंत तरी चालेल.

पाणकावळा

पाण्याचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर बेतायचं आहे.

जानेवारीत कुंडलिकेचं स्वतःचं पाणी राफ्ट तरंगण्याइतकं नसतं. राफ्ट चालते ती मुळशी धरणाच्या पाण्यावर. जलाशय घाटमाथ्यावर आहे. तिथून पाणी बोगद्यातून आणि पुढे लोखंडी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. टाटांचं हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. भिऱ्याहून सुटलेलं पाणी खाली रवाळज्याच्या वीजघरात पुन्हा वापरतात आणि मग ते नदीत येतं. राफ्ट उतरवायची जागा त्याच्या खाली, बाहेर काढायची कामथ गावाजवळ. मधलं अंतर साधारण बारा किलोमीटर. (मुळात हे पाणी मुळेचं, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध.)

म्हणजे ही नदी घड्याळावर चालते, आणि ते घड्याळ वीजघरात आहे. पाणी सुटतं ते विजेच्या गरजेप्रमाणे, बहुधा सकाळी. वेळ रोज तीच असेल असं नाही. सुट्टीच्या दिवशी कारखाने बंद, विजेची मागणी कमी, त्यामुळे वेळ पुढेमागे व्हायची शक्यता जास्त. आदल्या संध्याकाळी राफ्टिंगवाल्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: काठावर किती वाजता हजर व्हायचं, आणि पाणी सुटलंच नाही तर पैसे परत की दुसरा दिवस. ही दुसरी गोष्ट आगाऊ पैसे भरण्याआधीच विचारायची असते, पण अजूनही विचारा.

उशीर का चालत नाही तेही सांगतो. सुटलेलं पाणी लोटासारखं पुढे सरकतं. राफ्ट त्या लोटाच्या पाठीवर राहिली तर दोन तासांच्या आत खाली पोचते. तुमच्यातला एक जण चहाला थांबला, राफ्ट उतरवायला पाऊण तास उशीर झाला आणि वर पाणी बंद झालं, की तुम्ही ओसरत्या पाण्यात सापडता. मग जिथे लाटा हव्या तिथे खडक उघडे, राफ्ट पोटावर घासत जाते, आणि शेवटचा टप्पा उतरून ढकलायचा. पाण्यात पडणाऱ्यालाही तेव्हाच जास्त लागतं. पाणी भरपूर असताना खडक खोल असतात, ओसरलं की ते गुडघ्याच्या उंचीवर येतात.

घाटवाट

रस्ता. पुणेकरांनी पौड-मुळशी-ताम्हिणी करून विळ्याला उतरावं आणि तिथून रवाळज्याकडे वळावं. टाकी पिरंगुट-पौडलाच भरा. घाटातली वळणं अंधारात नकोत म्हणून सकाळी निघा.

ठाणेकरांना दोन वाटा. गोवा हायवेने पेण-वडखळ-नागोठणे-कोलाड, किंवा एक्स्प्रेसवेने खोपोली गाठून पाली-वाकण करून हायवेला लागायचं. लांब वीकएंडच्या शनिवारी सकाळी अलिबागची सगळी गर्दी वडखळपर्यंत तुमच्याच रस्त्यावर असते, म्हणून पालीची वाट बरी. पण माघी चतुर्थी याच दिवसांत आली असेल तर पालीत बल्लाळेश्वराची यात्रा असते, तेव्हा हिशेब उलटा. कॅलेंडर बघून ठरवा.

रेल्वेने यायचं तर रोहा किंवा कोलाड स्टेशन आहेच, पण तीन तंबू, टोप आणि मडकी घेऊन तो खटाटोप कशाला.

सुईदोरा

तंबूचं माझ्याकडे.

वाळूत लावायचा नाही. पाणकावळा यांनी वर जे लिहिलंय त्याचाच हा दुसरा अर्थ आहे. रात्री नदी बारीक असते, वाळूचा पट्टा मोकळा, सपाट आणि मऊ दिसतो. वर पाणी सुटलं की तोच पट्टा बुडतो, आणि त्याआधी आभाळात काही दिसत नाही, पाऊस नाही, गढूळ पाणी नाही. पाणी सोडण्याचा भोंगा ऐकू येईल या भरवशावर झोपू नका. काठावरचे दगड बघा. रोजच्या पाण्याची रेष दगडावर स्पष्ट असते, खाली काळपट-शेवाळी, वर पांढुरका. झुडपांत अडकलेला पालापाचोळा आणि प्लास्टिक किती उंचीवर आहे तेही बघा. त्या रेषेच्या निदान तीन मीटर वर आणि काठापासून आत तंबू. शेतकऱ्याची जागा त्या दृष्टीने चांगली.

पण शेताला शेताच्या भानगडी. ते भाताचं असेल तर कापणीनंतरची धसकटं उभी असतात. वाळलेलं धसकट कलम केल्यासारखं तिरकं आणि धारदार असतं, तंबूच्या पातळ तळातून सरळ वर येतं. पाय देऊन मोडतील असं वाटतं, पण निम्मी वाकतात आणि उठून बसतात. कोयत्याने जमिनीलगत कापून घ्या, नाहीतर खळ्याची सारवलेली जागा मागा. खळं मिळालं तर उत्तमच, सपाटही असतं.

तंबूखाली ताडपत्री घालायची ती तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं लहान दुमडून. बाहेर डोकावली की तिच्यावर पडलेलं दव ओघळून थेट तुमच्या पाठीखाली जमतं. हो, जानेवारीत पाऊस नसला तरी दव असतं, नदीकाठी तर पहाटे वरचं कापड पिळून काढावं इतकं. त्यात चार माणसं आत श्वास सोडणार. सगळ्या खिडक्या बंद करून झोपलात तर सकाळी आतून थेंब गळतात आणि लोक म्हणतात तंबू गळका निघाला. वरचं कापड आतल्या कापडाला चिकटू न देता ताणून बांधा आणि वरची झडप उघडी ठेवा. थंडी वाजली तर अंगावर आणखी एक घाला, झडप लावू नका.

खुंट्या: तंबूबरोबर येणाऱ्या बारीक अॅल्युमिनियमच्या खुंट्या जानेवारीच्या कडक जमिनीत वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून सात-आठ इंची लोखंडी खिळे घ्या, तीन तंबूंना मिळून तीसेक, आणि एक हातोडी. दोरीच्या उलट दिशेला तिरका ठोकायचा. डोक्याला लाल चिंधी बांधली तर रात्री ठेचा लागत नाहीत.

रोहेकर

सुईदोरा, धसकटं कापायची गरज नाही. भाताचा पेंढा वीतभर पसरा, वर ताडपत्री, वर तंबू. उबही राहते. इकडे शेतावर राखणीला झोपणारे तेच करतात.

सुईदोरा

उबेचं मान्य. थंडी खालून लागते, जाड पांघरूण घेऊन खाली नुसती चादर घालणं उपयोगाचं नाही. पण पेंढ्यात विंचू-किरकोळ कीटक असतात, आणि शेकोटी जवळ असेल तर पेंढा म्हणजे सुरुंगच. पेंढा घालायचाच तर दिवसाउजेडी झटकून घाला आणि आग तिथून लांब. नाहीतर दहा मिलिमीटरची फोमची चटई प्रत्येकी एक, काम भागतं.

मावळती

विंचवाचा विषय निघालाच आहे तर. कोकणातला लाल विंचू लहान असतो, पण लहान मुलांच्या जिवावर उठू शकतो. दंश झालेल्याला खूप घाम, लाळ, हातपाय गार पडणं, छातीत धडधड यातलं काही सुरू झालं की घरगुती उपाय करत बसायचं नाही. यावर प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू कमी करून दाखवले ते याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी. त्यामुळे इकडच्या डॉक्टरांना हे नवं नाही, फक्त वेळेत पोचा. रोहा आणि माणगाव, दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. १०८ ला फोन लावा, पण आपली एक गाडी तोंड रस्त्याकडे करूनच लावलेली असू द्या.

मण्यारीचं वेगळं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दात लागल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. म्हणून उघड्यावर झोपण्याची हौस शेतात नको. तंबूची चेन आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी पूर्ण लावायची, मुलाला हे दहादा सांगा. बूट तंबूच्या आत पिशवीत, सकाळी झटकून घालायचे. चावा झालाच तर चिरा नाही, घट्ट दोरी नाही, तो अवयव हलू न देता दवाखाना.

लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप): रायगड-रत्नागिरीत पावसाळ्यात आणि त्यानंतर त्याचा जोर असतो, जानेवारीत कमी. तरी पायाला उघडी जखम असलेल्याने नदीत उतरू नये. ट्रिपनंतर एक ते दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना "नदीत उतरलो होतो" हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

पाणकावळा

आता खुद्द राफ्टचं.

कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची नदी. अवघडपणाच्या श्रेणी एकूण सहा, सहावी सगळ्यात अवघड. म्हणजे पोहता न येणारा चालतो, आज्ञा न ऐकणारा चालत नाही. सुरुवातीच्या रॅपिड्सना (खडकांतून फेसाळत उतरणाऱ्या टप्प्यांना) 'मॉर्निंग हेडेक', 'गुड मॉर्निंग बुद्धा' अशी नावं आहेत. जागे होण्याआधीच त्या येतात, म्हणून काठावरची पंधरा मिनिटांची शिकवणी लक्ष देऊन ऐका.

राफ्ट चौदा फुटी असेल तर आठ वल्हवणारे आणि एक गाईड. तुम्ही नऊ, त्यातला मुलगा आणि गुडघेवाले वजा केले (त्यांचं खाली लिहितो) की सात उरता. एकाच राफ्टमध्ये मावाल. दोन्ही बाजूंचं वजन सारखं भरेल असे बसा. चारही दांडगे एका बाजूला बसले की राफ्ट सरळ जातच नाही, गाईड मागे नुसता झगडत राहतो. दमदार आणि ताल धरणारे दोघं पुढे, पोहता न येणारे मधल्या बैठकीवर.

लाईफ जॅकेट सगळ्यात महत्त्वाचं. अंगात घालून बक्कल खालून वर या क्रमाने आवळा. मग जोडीदाराने दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून जोरात वर उचलायचं. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर पाण्यात ते तुमच्या डोक्यावरून निघणार आणि तुम्ही खाली राहणार. पुन्हा आवळा, तरी सरकलं तर लहान मापाचं मागा. आतला फोम चिमटीत दाबून बघा: कडक झालेला, चपटा पडलेला फोम पुरेसा तरंगवत नाही. जॅकेट बदलून मागायला लाजू नका. जॅकेटच्या आत भलंमोठं स्वेटर घालून मापात आणलेलं चालत नाही. हेल्मेट कपाळ झाकेल असं, हनुवटीची पट्टी दोन बोटं जाईल एवढीच सैल.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी सारखी मूठ असते. एक हात कायम त्या मुठीवर, तळवा वरून झाकलेला. राफ्टिंगमध्ये लागतं ते बहुतेक याच मुठीने. लाटेत हात सुटला की ती शेजाऱ्याच्या दातांवर किंवा भुवईवर बसते. पाणी भीतीदायक दिसलं की माणूस वल्हं सोडून राफ्टची कड धरतो, नेमकं तेव्हाच मूठ मोकळी फिरते.

बसायचं ते राफ्टच्या कडेच्या फुगीर नळीवर, आत घसरून नाही. पुढच्या पायाची बोटं समोरच्या आडव्या नळीखाली खोचायची. फक्त बोटं, घोट्यापर्यंत नाही. अख्खा पाय अडकवलेला माणूस बाहेर फेकला गेला तर गुडघा जागेवर राहतो आणि अंग फिरतं. वाटाड्या, तुमच्या गुडघेवाल्या मित्राला म्हणूनच नको म्हणतोय. सात महिन्यांत चालता-पळता येत असेलही, पण इथला झटका पिळाचा असतो. त्याच्या सर्जनने लेखी हो म्हटलं तरच.

राफ्टमध्ये हवा बरोबर आहे का हे तुम्हीही बघू शकता. टिचकी मारली तर टणक आवाज आला पाहिजे, अंगठा दाबला तर जेमतेम रुतला पाहिजे. मुळशीचं पाणी गार असतं, राफ्ट पाण्यात उतरवली की पाच मिनिटांत आतली हवा आकसते आणि ती मऊ पडते. म्हणून चांगले गाईड उतरवल्यावर पुन्हा पंप मारतात. मऊ राफ्ट लाटेत मधोमध मुडपते, मधल्या दोघांना वर उडवते. उलट, दुपारी उन्हात काठावर ठेवलेल्या राफ्टमधली थोडी हवा काढतात, नाहीतर शिवण उसवते.

मावळती

पाण्यात पडल्यावर काय करायचं तेही लिहा, पोहता न येणाऱ्यांना ते आधी वाचलेलं बरं.

पाणकावळा

पाठीवर व्हायचं, पाय पुढे, म्हणजे पाणी जातंय त्या दिशेला, बुटांची टोकं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. समोर खडक आला तर पाय त्यावर टेकून ढकलायचं. श्वास लाटेच्या खोलगट भागात घ्यायचा, शिखरावर तोंड बंद. आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, कितीही उथळ वाटलं तरी. हा नियम लोकांना पटत नाही, म्हणून कारण सांगतो: पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं, मागून पाणी पाठीवर दाब टाकतं, माणूस पुढे तोंडावर पडतो आणि पाऊल सुटत नाही. मांडीभर पाण्यात माणसं बुडतात ती अशी. पाणी शांत होऊन अंग तळाला टेकेपर्यंत आडवंच राहा.

गाईड दोरीची पिशवी फेकेल. पिशवी नाही, दोरी धरा. दोन्ही हातांनी छातीशी, दोरी एका खांद्यावरून मागे, तोंड आभाळाकडे. हाताला गुंडाळायची नाही, खेच बसली की सोडवता येत नाही. राफ्टजवळ पोचलात की वरच्यांनी तुमच्या जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून ओढायचं, हात धरून नाही. हात निसटतो किंवा खांदा निखळतो. ओढणारा स्वतः मागे आत पडतो, वर येणारा त्याच्या अंगावर, तसंच अपेक्षित आहे.

राफ्ट उलटली आणि खाली सापडलात तर वर हात लावून एकाच दिशेने सरकत राहा. दिशा बदलली तरच खाली फिरत राहाल.

खडकावर राफ्ट आडवी लागली आणि गाईड "हाय साईड" ओरडला तर सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झेपायचं. मन उलट सांगतं, खडकापासून लांब जा. तसं केलंत तर पाण्याकडची कड खाली दबते, पाणी आत शिरतं आणि राफ्ट खडकाला कापडासारखी गुंडाळते.

पाण्यात वाकलेल्या झाडाच्या फांद्या खडकापेक्षा वाईट. खडकाला पाणी वळसा घालतं, फांद्यांतून ते आरपार जातं आणि माणूस अडकतो. तिथे पाठीवर राहायचं नाही, पालथं होऊन त्या दिशेनेच जोर लावून वर चढायचं.

वाटाड्या_ठाणे

बापरे. हे सगळं ग्रुपवर टाकतो. गुडघेवाला काठावर बसून पोपटीची तयारी करेल, ठरलं. मुलाचं काय? आणि कपडे राहिले.

घाटवाट

राफ्टिंगला बहुतेकांकडे १४ वर्षांची अट असते. ११ वर्षांच्या मुलाला "उंच आहे, चालेल" म्हणून नेणारा भेटला तर तोच ऑपरेटर टाळण्याचं कारण समजा. कामथच्या बाजूला संथ पाण्यात कयाक (एका-दोघांच्या अरुंद होड्या) असतात, त्यात मोठ्या माणसाबरोबर मुलाच्या मापाचं जॅकेट घालून बसू द्या, पायांमधून जाणारी पट्टी असलेलं.

ऑपरेटरचीही एक चौकशी करा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा व्यावसायिकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का, आणि राफ्टबरोबर पुढे कयाकवर बचावाचा माणूस असतो का, एवढं विचारलं की पुरे. उत्तर देणाऱ्याच्या सुरावरूनच बरंच कळतं.

कपडे: जीन्स नको, जाड सुती टी-शर्ट नको. भिजलं की जड होतं आणि वाऱ्यावर गारठवतं. व्यायामाला घालतात तो सिंथेटिक पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, खाली तसलीच पँट. चप्पल नाही, मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. चष्म्याला दोरी. अंगठ्या, साखळ्या तंबूतही नको, घरीच. गाडीच्या किल्ल्या काठावरच्या माणसाकडे. कोरड्या कपड्यांची पिशवी राफ्ट बाहेर निघते तिथे आधीच पोचवा, उतरवतात तिथे ठेवून उपयोग नाही. ही चूक दर शनिवारी कोणीतरी करतंच, आणि मग ओल्या अंगाने उघड्या जीपमधून परत.

सकाळी पोटभर मिसळ हाणू नका. निघण्याआधी तासभर पोहे, एखादं केळं. रात्रीची उतरली नसेल तर गाईड बसू देत नाही आणि ते बरोबरच आहे.

रोहेकर

पोपटीकडे येऊ या.

नऊ जणांना एक मोठं मडकं करू नका. मोठ्या मडक्यात कडेचं जळतं आणि मधलं कच्चं राहतं. मध्यम दोन घ्या, सात-आठ लिटरची. एक शाकाहाऱ्यांचं, एक बाकीच्यांचं, म्हणजे भांडणच नाही. जुनं, चुलीवर तापलेलं मडकं मिळालं तर तेच. नवीन घेतलंत तर ओलं असताना आगीवर नको, तडकतं.

दोन्ही मडक्यांत मिळून: वालाच्या शेंगा अडीच किलो, कोवळ्या नाही, दाणा भरलेल्या. लहान बटाटे एक किलो, रताळी अर्धा किलो, अंडी बारा, चिकन सव्वा किलो. ओवा पन्नास ग्रॅम, खडे मीठ पाव किलो आणून ठेवा, लागेल निम्मं. चिकनला आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, लिंबू लावून दोन तास ठेवा आणि केळीच्या पानात पुरचुंडी बांधा. भांबुर्डीचा पाला दोन कवळे भरून. हा पाला शेताच्या बांधावर उगवतो, चुरगाळला की ओव्यासारखा उग्र वास येतो. शेतकऱ्याला विचारा, तो दाखवेल. त्याच दिवशी उपटलेला हवा. पोपटीत पाणी नाही, तेल नाही. वाफ होते ती शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्याची, वाळका पाला घातलात तर शेंगा भाजतात, शिजत नाहीत.

भरायचं असं. तळाला आणि बाजूंना पाला. मग शेंगांचा थर, त्यावर मीठ-ओवा. बटाटे, रताळी कडेला, कारण त्यांना जास्त आच लागते. पुरचुंडी आणि अंडी मधोमध, अंडी कडेला लागली तर फुटतात. पुन्हा शेंगा, मीठ-ओवा. दाबत दाबत भरा. शेवटी तोंडात पाला कोंबायचा, इतका की मडकं उपडं करून हलवलं तरी काही पडणार नाही. सगळा खेळ या बुचाचा आहे. सैल राहिलं की वाफ गेली.

जमिनीत चार बोटं खोल खळगा, त्यात मडकं उपडं. भोवती आणि वर गोवऱ्या, काटक्या, वाळका पाला रचून सगळीकडून पेटवा. जाड ओंडके नको, ते एका बाजूला धगधगतात आणि मडकं तिथेच फुटतं. आच सारखी ठेवत तीस ते चाळीस मिनिटं. चिकनवालं मडकं चाळीसच्या आत उघडू नका. झालं की वास बदलतो, आधी नुसत्या पाल्याचा उग्र, मग भाजलेल्या वालाचा गोडसर. विस्तव काठीने बाजूला करा, ओल्या गोणपाटाने धरून मडकं आडवं करा, पाला ओढा आणि केळीच्या पानावर ओता. चिकन हाडाजवळ गुलाबी दिसलं तर हट्ट न करता टोपात घालून दहा मिनिटं शिजवा.

सुईदोरा

तेलाच्या पत्र्याच्या डब्यात करतात ते चालेल का? फुटायची भीती नाही.

रोहेकर

करतात, पण पत्रा लगेच तापतो आणि लगेच निवतो. कडेच्या शेंगा कोळसा. वर डब्याचा रंग जळतो त्याचा वास. मडक्याला पर्याय नाही.

आगीचं सांभाळा. जानेवारीत गवत वाळून काड्यापेटी झालेलं असतं. चहूबाजूंनी तीन मीटर गवत काढा, दोन बादल्या पाणी आधी भरून ठेवा, वारा सुटला असेल तर पेटवू नका. जागा शेतकऱ्याचीच आहे ना, वनखात्याची हद्द नाही ना, हे त्यालाच विचारा.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, वीस लिटरचे चार जार न्या. नदीचं पिऊ नका.

वाटाड्या_ठाणे

शंका संपल्या, एक सोडून. सोमवारी सकाळी नऊला निघायचं आहे. ओले तंबू वाळणार कधी?

सुईदोरा

वाळणार नाहीत, खोऱ्यात ऊन उशिरा येतं. वरचं कापड काढून जोरात झटका, दोघांनी टोकं धरून, निम्मं पाणी तिथेच जातं. ते वेगळ्या पिशवीत भरा, आतल्या कोरड्या तंबूत गुंडाळू नका. घरी पोचल्यावर त्याच दिवशी गच्चीत किंवा दांडीवर. दोन दिवस गाडीच्या डिकीत राहिलं तर काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. खिळे मोजून घ्या, एखादा शेतात राहिला तर बैलाच्या खुरात किंवा ट्रॅक्टरच्या टायरात जाईल.

रोहेकर

आणि मडकी फोडून टाकू नका, शेतकऱ्याकडे ठेवून या. एकदा तापलेलं मडकं त्याला पुढच्या पोपटीला नव्यापेक्षा बरं.